कास्तुलोबाबांचा भोंगा

तान्ह्या मुलांच्या झोपेची सल्लागार व्हायचे, हे युरिदियाने पक्के केले होते. शिकायचे कोणाकडे, तेवढे ठरत नव्हते. दोन वर्ग हाताशी होते. दोन्हीकडच्या जागा आज संध्याकाळी भरणार होत्या आणि दोन्हीकडच्या बाईंनी फोनवरून एकेक धडा फुकट द्यायचे कबूल केले होते. युरिदियाने सोपी कसोटी लावली. ज्यांच्या पद्धतीने आपला इकेर झोपेल, तो वर्ग आपला.

इकेर सात महिन्यांचा होता आणि झोपेशी त्याचे जन्मापासूनचे वैर होते.

"स्वतःचं पोर झोपत नाही आणि ही निघाली गावाची पोरं झोपवायला!" चोले, म्हणजे तिच्या सासूबाई, घेवडा निवडता निवडता म्हणाल्या.

युरिदियाला ते फार लागले, कारण ते खोटे नव्हते. दोन्ही वर्ग नापास झाले, तर हा नाद सोडून ती पुन्हा नखे रंगवायच्या दुकानात जाणार होती.

सकाळच्या बाई म्हणाल्या, "रडू द्या, दमून झोपेल." इकेर दमला नाही. बाई दमल्या आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

दुपारी ग्वादालाहाराच्या फाबिओलाबाई फोनवर आल्या. त्यांच्या मागे कुठेतरी मांजर ओरडत होते. "काळोख आणि शांतता, बस," त्या कुजबुजल्या. "घरात हूं की चूं होता कामा नये."

युरिदियाने कंबर कसली. रस्त्याकडच्या खिडकीवर सासूबाईंची काळी शाल ठोकली. घंटीची वायर उपटली. मिक्सर बंद, म्हणजे साल्सा बंद, म्हणजे जेवणही बंद. राहता राहिले सासरे. कास्तुलोबाबा ट्रकवरच्या भोंग्यातून आपलीच रेकॉर्ड केलेली हाळी वाजवत पुएब्ला शहराच्या गल्ल्यांतून भंगार गोळा करीत.

"बाबा, आज ट्रक काढू नका."

"अगं पोरी, इकेर झाल्यापासून आपल्या गल्लीत शिरायच्या आधीच भोंगा बंद करतो मी. पोराच्या कानावर एक शब्द पडू दिला नाही!"

"तरी आज नकोच. खोलीत पडून राहा, खोकूसुद्धा नका."

नातवासाठी बाबा मुकाट्याने आडवे झाले. घर गपगार झाले. इकेर टक्क डोळे उघडे ठेवून ती शांतता ऐकत राहिला.

तेवढ्यात दार ढकलून शेजारची मेचे आत आली. हातात साखर आणि कॉफी, मागे मेणबत्त्या घेतलेली निम्मी गल्ली.

"कधी झालं गं?" तिने युरिदियाला मिठी मारली.

"काय कधी झालं?"

"ट्रक दारात, बाजारातसुद्धा भोंगा ऐकू नाही, खिडकीला काळं... लाखात एक माणूस होता गं!" आणि मेचेने गळा काढला. इकेरने तिला साथ दिली.

"अगं, आहेत ते!" सासूबाई ओरडल्या. "आत नुसते पडलेत!"

"पहिल्यांदा असंच वाटतं, चोले," मेचे हुंदका देत म्हणाली.

आतून बाबा बनियनवर बाहेर आले. कुणी छातीवर क्रूस काढला, कुणी किंकाळी फोडली, आणि रडणे दुप्पट झाले. "मी जिता आहे!" बाबा घसा फोडून सांगत होते, पण त्यांचे ऐकतो कोण? शेवटी ते तरातरा ट्रककडे गेले आणि त्यांनी भोंगा चालू केला.

"जुने पलंऽग, फ्रीऽज, पंखेऽऽ, मोडकं लोखंऽड!" त्यांचाच नाकातला आवाज गल्लीभर घुमला.

रडणे थांबले. पंख्यांपर्यंत इकेरची मान आईच्या खांद्यावर कलली होती. लोखंडाला तो घोरत होता.

"बंद करा तो भोंगा, पोर उठेल!" मेचे म्हणाली.

"हात लावू नका!" सासूबाई कडाडल्या. "ही पोटुशी असताना रोज त्या ट्रकात बसून हिंडायची. पोराला पोटातच पाठ झालंय ते. आणि तुम्ही मेले सात महिने बंद करून येताय!"

बाबा ओशाळले.

"कृपा करून बंद करू नका," आणखी कोणीतरी कुजबुजले. फोनवर फाबिओलाबाई अजून होत्या. त्यांच्या मागचे मांजर गप्प झाले होते.

"बाई, तुमचं मांजर..." युरिदियाने विचारले.

"मुलगी आहे माझी," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज ओला झाला होता. "पहिल्यांदाच दुपारची झोपली. हे रेकॉर्डिंग मला पाठवाल का?"

युरिदियाला एकदम इतके हलके वाटले की ती खुर्चीत बसून हसू लागली. मेलेल्यासाठी आणलेली कॉफी जिवंतांसाठी उकळू लागली.

सासूबाई जवळ आल्या. "तिचंही पोर झोपत नाही?"

"नाही."

"तरी शिकवते?"

"शिकवते."

"मग तुला काय धाड भरलीय? घाल नाव!"