मोंबासाच्या वाटेवरचा बिब्बा

बुधवारी सकाळी सत्यभामेच्या कपाळावर आणि गालावर फोड उठले, आणि त्याच दुपारी तिला अकोल्याच्या डॉक्टरांकडून प्रकृतीचा दाखला घ्यायचा होता. दाखल्यावाचून मुंबईहून सुटणारी शनिवारची मोंबासाची बोट मिळणार नव्हती. तिथल्या इस्पितळाने तिला नर्स म्हणून नेमलं होतं.

फोड आईच्या कृपेने आले होते. पार्बताबाई अमरावतीच्या बाजारात भाजी विकत. दोन महिने त्यांनी ‘जाऊ नको’चा धोशा लावला होता. लेक ऐकत नाही म्हटल्यावर, निदान समुद्राची दृष्ट तरी लागू नये म्हणून त्यांनी तिच्या कपाळाला बिब्ब्याच्या तेलाचा ठिपका लावला. तो उतला, कातडी पोळली.

डॉक्टर पुण्याकडून नुकतेच आले होते. त्यांनी लांबूनच पाहिलं आणि देवी आल्याचं सांगून टाकलं. आठ दिवस वेगळं राहायचं, दाखला नंतर. हे बिब्ब्यामुळे झालंय, असं सत्यभामेने परोपरीने सांगितलं. एका ठिपक्याने एवढं होत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

“मंग हात द्या,” पार्बताबाई म्हणाल्या. पिशवीत बिब्बा होताच.

“माय, नको,” सत्यभामा म्हणाली. पण प्रयोगाला नाही म्हणणं डॉक्टरांच्या शास्त्रात बसेना. त्यांनी उजवा हात पुढे केला.

मायलेकी अकोल्यातच पार्बताबाईंच्या बहिणीकडे मुक्कामाला राहिल्या. सकाळी दवाखान्यात येऊन पाहतात तो डॉक्टरांचा हात भरताच्या वांग्यासारखा टरारलेला. देवी नाहीत, हे त्यांनी तात्काळ मान्य केलं. पण सही करणार कशी? बोटांत टाक धरवेना. सत्यभामेने गार पाण्याच्या घड्या ठेवल्या, खोबरेल लावलं, सैल पट्टी बांधली. तासाभरात आग निवली.

“हिला परदेशी कशाला धाडता?” डॉक्टर खुशीत म्हणाले. “इथेच राहू दे. माझ्या हाताखाली वर्षभर शिकेल, तयार होईल.”

दोन महिने पार्बताबाईंनी देवाकडे हेच मागितलं होतं. सत्यभामेने धसकून आईकडे पाहिलं.

“शिकन?” पार्बताबाई म्हणाल्या. “माही पोरगी चार वर्सं शिकून पास झाली, डॉक्टरसायेब. तुमी काल बिब्ब्याले देवी म्हनून राह्यले होते. कोन कोनाच्या हाताखाली शिकन?”

त्यांनी पिशवीत हात घातला. “डावा हात पुढं करा.”

डॉक्टरांनी डावा हात झटकन पाठीमागे नेला. पार्बताबाईंनी पिशवीतून दाखल्याचा कागद काढून टेबलावर ठेवला.

डाव्या हाताची सही वेडीवाकडी आली, पण शिक्का सरळ उमटला.

बाहेर आल्यावर सत्यभामा गाडीची वेळ विचारायला पुढे गेली. पार्बताबाई दवाखान्याच्या पायरीवर बसल्या. बाजूच्या बाईने विचारलं, “काय झालं, बाई?”

“काई नाई,” त्या पदराने डोळे पुसत म्हणाल्या. “माह्या पोरीले मीच बोटीत बसवून आली.”