जठारपेठेतला समुद्र

मे महिन्यात, अकोल्याचा पारा पंचेचाळीसवर असताना, जठारपेठेतल्या खुशालरावांच्या घराला बाहेरून कुलूप होतं आणि आत खुशालराव होते. कौशल्याबाईही होत्या, पण लपायची कल्पना आपली नव्हे, हे त्या दिवसातून चारदा सांगत.

लोकांच्या लेखी दोघं विशाखापट्टणमला होते, मुलगा पियुषकडे. कायमचे.

सगळं घडवलं मोबाइलनं. त्यात दोन्ही शहरांचं हवामान शेजारीशेजारी दिसे, आणि खुशालराव ते वर्षभर सकाळच्या फिरायच्या मंडळींना वाचून दाखवत. डिसेंबरात मंडळी कानटोप्या घालून कुडकुडत असली की, "तिकडे अठ्ठावीस. स्वेटर कोनी इकतच नाई." एप्रिलात तीच मंडळी कडुनिंबाच्या सावलीला धापा टाकत असली की, "तिकडे बत्तीस. वरून समुद्राचा वारा. बाराई महिने एकच मोसम, भाऊ. मानसानं राहावं तं तिथं." शेवटी मंडळींनी त्यांना शाल-श्रीफळ देऊन निरोप दिला. त्या भाषणात खुशालराव म्हणाले, "या शहरानं मले सारं देल्लं. एक हवा सोडून."

विशाखापट्टणमला पोचल्यावर बत्तीस डिग्री खरी निघाली. फक्त तिच्यात आलेला घाम परत जात नसे. घाम येतो आणि वाळतो, हा खुशालरावांचा बासष्ट वर्षांचा अनुभव; इथे तो मुक्कामालाच आला. बरणीतल्या मिठाला पाणी सुटलं. कौशल्याबाईंनी गच्चीवर घातलेल्या कुरडया पाचव्या दिवशीही ओल्या होत्या, सहाव्या दिवशी त्यांना मिशा फुटल्या. यावर खुशालरावांनी वऱ्हाडी उपाय केला. बाजारातून कुलर आणला, टाकी काठोकाठ भरली आणि दारं-खिडक्या घट्ट लावून घेतल्या. संध्याकाळपर्यंत खोलीचं इडलीपात्र झालं.

"बाबा, इथे कुलर कोणी नाही लावत," सूनबाई आचल नम्रपणे म्हणाली. खोलीचं दार फुगून बसलं होतं, त्यामुळे हे तिला बाहेरून म्हणावं लागलं. सुताराने दार काढलं तेव्हा खुशालराव आत उकडून तयार होते.

नवव्या दिवशी पहाटे दोघं मागच्या दाराने आपल्या अकोल्याच्या घरात शिरले. पुढचं कुलूप तसंच राहिलं.

"आलो मनून सांगून टाका ना सरळ," कौशल्याबाई म्हणाल्या.

"शाल घेतली ना म्या! अन् नवव्या दिवशी कोनतं तोंड दाखवू? मृग लागू दे. मंग सांगू, पावसाळ्यात तिकडे वादळं येतात."

झालं, दिनक्रम ठरला. बाजूच्या बोळीतल्या खिडकीला कुलर होता. त्याची टाकी बाहेरूनच भरावी लागे, म्हणून खुशालराव पहाटे वाकत वाकत जाऊन ती भरून येत. एरवी बारा वाजता कोरडी पडणारी ही टाकी यंदा संध्याकाळपर्यंत पुरू लागली.

"पाह्य. कुलर सुधरला."

"कुलर का लेकरू हाय सुधराले?" कौशल्याबाईंचं दुःख वेगळं होतं. "सोन्यासारखं ऊन वाया चाललं बाप्पा!" शेवटी त्यांनी रांगत जाऊन गच्चीवर कुरडया घातल्या. सायंकाळी पाहिल्या तर कडकडीत वाळलेल्या आणि एकूण एक पलटलेल्या. वाऱ्याने पलटल्या असतील, असं दोघांनी ठरवलं.

दुपारी दोनला खुशालराव मंडळींच्या ग्रुपवर हवामान टाकत. आधी नुसतं "आज तीस. वारा छान." मग हात बसत गेला. "आज एकतीस. कोळ्यांच्या होड्या परत येत आहेत. वाळू पायाखालून सरकते तेव्हा मनुष्य लहान होतो." हे लिहिताना त्यांचे पाय बादलीत असत.

एका दुपारी, लिहायच्या आधीच, फोन वाजला. शेजारचा ओमप्रकाश. चाळीस वर्षांचा दोस्त. निरोपाचा नारळ त्यानेच हातात ठेवला होता.

"काय बे खुशाल, मजेत? मांगून आवाज कायचा येऊन राहिला?"

खुशालरावांनी कुलरकडे पाहिलं. "लाटांचा."

"लयच जोरात हायेत."

"भरती हाय ना."

तेवढ्यात विजेची लाइन गेली. कुलर घरघरला आणि गप्प झाला.

"लाटा काहून थांबल्या रे?"

"ओहोटी लागली," खुशालराव म्हणाले.

"इकडे लाइन गेली. खुशाल, समुद्र लाइनवर चालते का बे?"

घरात शांतता पसरली. त्या शांततेत पाणी पडल्याचा आवाज फोनमधूनही येत होता आणि खिडकीतूनही. खुशालरावांनी कुलरच्या फटीतून पाहिलं. बोळीत ओमप्रकाश उभा होता. एका हातात फोन, दुसऱ्या हातातला पाइप टाकीत.

"कईपासून?" खुशालरावांनी विचारलं. फोनवरच विचारलं, फटीतून विचारायचा धीर होईना.

"तुमी आले त्या दिवसापासून. बाराले कोरडी होते तुही टाकी. पंप जळला असता ना. अन् कुरडया आमची बायको जयवंता पलटवते, गच्चीले गच्ची लागून हाय ना."

"मी मनलंच होतं वारा नाई तो," आतून कौशल्याबाई म्हणाल्या. त्यांनी असं काही म्हटलं नव्हतं.

"सांगतलं काहून नाई?"

ओमप्रकाशने पाइप टाकीत आणखी आत सरकवला. "चांगलं लिहून राहिला होता तू. दोन वाजले का सारे मोबाइल घेऊन बसतात. पंचेचाळीसात तेवढाच गारवा."

"साऱ्याइले माहीत हाय?"

"हाय."

"अन् शाल?"

"ठेव तुह्याजवळच. मे महिन्यात शाल घेऊन कोन काय करते बे?"

लाइन आली. कुलरमधून ओल्या वाळ्याचा वास घेऊन गार वारा सुटला. ओमप्रकाशने पाइप काढला, टाकीचं झाकण लावलं आणि तिथेच उन्हात उभा राहिला.

"सव्वादोन झाले," तो म्हणाला. "आज लिहिलं नाई तू."

खुशालरावांनी चष्मा पुसला आणि लिहिलं, "आज तीस. पुन्हा भरती आली आहे. अकोल्याचा एक जुना मित्र समुद्र पाहायला आला आहे."

मग त्यांनी उठून मागचं दार उघडलं.