पास्कलकाकांची सोपी वाट

दर शुक्रवारी सकाळी पास्कलकाका डाव्या पायात साइटवरचा जाडजूड सेफ्टी शूज आणि उजव्या पायात झिजलेली हवाई चप्पल घालून आमच्या दारात उभे राहायचे. शर्टाच्या खिशात मिठाची पुडी. मीठ कशाला, तर जळवांसाठी. आता कतारमध्ये कुठून आल्या जळवा? इथे चार थेंब पडले तर लोक गाड्या थांबवून फोटो काढतात, आणि हा माणूस जळवांच्या बंदोबस्ताला निघालेला!

"यल्ला, चला वहिनी! ऊन चढायच्या आत आपण डोंगर चढायचा."

डोंगर म्हणजे समुद्राकाठच्या एका मॉलचं बहुमजली पार्किंग.

तुम्ही हसलात ना? आम्हीही हसायचो. पण जरा नीट सांगते. आम्ही तेव्हा दोह्याबाहेर, उम्म सलाल मोहम्मद नावाच्या गावात, एका व्हिलाच्या पुढच्या भागात भाड्याने राहायचो. मागच्या अंगणातल्या एका खोलीत काका. मूळचे वसईचे. बांधकाम कंपनीत ड्रॉइंगच्या फायली सांभाळायचे. बायको, लुसी, तिकडे वसईला, अंथरुणाला खिळलेल्या सासूपाशी. त्यामुळे इथल्या हिशेबात काका 'बॅचलर'. पन्नाशीला आलेला, डोक्यावरचे केस गेलेला, लग्न झालेला बॅचलर फक्त आखातातच बघायला मिळतो.

आणि शुक्रवार म्हणजे मॉलमध्ये फॅमिली डे. एकट्या पुरुषाला वॉचमन आत सोडायचा नाही. म्हणून काकांना डोंगर चढायला आमचं बिऱ्हाड लागायचं. माझा नवरा सुहास, मी आणि आमची सई, आम्ही त्यांचं परमिट होतो. सुट्टीच्या दिवशी पहाटे उठवल्याबद्दल मी मनातल्या मनात त्यांचा उद्धार करायची आणि थालीपिठाचे डबे भरायची. काय करणार! नाही म्हटलं की ते लहान मुलासारखं तोंड करत.

हे सगळं सुरू झालं एका कॅलेंडरमुळे. काकांच्या ऑफिसात श्रीलंकेचा एक ड्राफ्ट्समन आला, त्याने टेबलापाशी आपल्या देशाचं कॅलेंडर लावलं. चहाचे मळे, त्यातून जाणारी लाल मातीची पाऊलवाट, पुढे बुटकासा डोंगर आणि त्यावर धुकं. काका त्या चित्रापुढे उभे राहिले ते राहिलेच. त्या डोंगराच्या गावाचं नाव एल्ला. झालं! त्या दिवसापासून "यल्ला, एल्ला!" हा त्यांचा मंत्र झाला. लुसीला एकदा तिथे न्यायचं आणि तो डोंगर चढवायचा, एवढी एकच गोष्ट त्यांना आयुष्याकडून हवी होती. ते तसं उघड बोलून दाखवायचे, दर शुक्रवारी.

पण दर वर्षी काहीतरी आडवं यायचं. कधी लंकेत युद्ध, कधी घराचं छप्पर, कधी म्हातारीचं आजारपण. "इन्शाल्ला, पुढच्या वर्षी," काका म्हणायचे आणि पुन्हा माहिती गोळा करायला लागायचे.

त्यांची माहिती गोळा करायची पद्धत भयंकर होती. दोह्यात दिसेल त्या लंकेच्या माणसाला ते पकडायचे. एकदा तपासणीसाठी रक्त द्यायला गेले. नर्स लंकेची निघाली. तिने सुई टोचली आणि काकांनी विचारलं, "सिस्टर, उस वॉटरफॉल के रास्ते पे सीढ़ी है या स्लोप?" ती गोंधळली. "सीढ़ी ऊंची है या छोटी?" बिचारीला शीर काही सापडेना. शेवटी दोन्ही हातांना टोचून घेऊन काका घरी आले, पण चेहरा उजळलेला. "वहिनी, पायऱ्या बुटक्या आहेत! आणि मध्ये बसायला दगड आहे!"

त्यांना फक्त सोप्या वाटा हव्या असत. "सोप्पी पाहिजे, पण सुंदर पाहिजे." एखादी वाट ते महिनाभर डोक्यावर घेऊन नाचायचे, आणि मग कुणीतरी सांगायचं की वर कठडा नाही. "खलास," म्हणायचे काका. पत्रिका न जुळलेल्या स्थळासारखी ती वाट बाद.

मला याचा संताप यायचा. मी नाशिकची. कॉलेजात असताना आमच्याकडचे किल्ले मी दोराला लोंबकळून चढलेय, गुडघे फोडून घेतलेत. एकदा न राहवून मी म्हटलं, "काका, धडधाकट माणूस तुम्ही! जरा अवघड वाट धरा की. सोप्या वाटेत काय मजा?"

"अवघड वाटा काय, कुठेही सापडतात, वहिनी," ते म्हणाले. "सोप्पी शोधायलाच फार त्रास होतो."

मी कपाळाला हात लावला.

पार्किंगच्या चढावरून गाड्या गोल गोल वर जायच्या, त्याच चढावरून आम्ही. दुकानं बंद, गाड्या जवळजवळ नाहीतच. पुढे काका, ठक्-फट्, ठक्-फट्. एक पाऊल लांब, एक आखूड. पहिला मजला म्हणजे चहाचा मळा. "डावीकडे बघा, बायका पानं खुडतायत." डावीकडे खांब. दुसऱ्या मजल्यावर एसीचा पाइप गळायचा, तो धबधबा. सई म्हणायची, "अंकल, इट्स जस्ट एसी वॉटर!" तरी त्याखाली हात धरून ती हसत सुटायची. प्रत्येक वळणावर काका थांबायचे, दम घ्यायचे, कठड्याला हात लावून बघायचे आणि स्वतःशी पुटपुटायचे, "इथे बसता येईल. छान."

ते बूट-चप्पल प्रकरण मात्र आम्हाला कधी उलगडलं नाही. विचारलं की एकच उत्तर, "प्रॅक्टिस." सुहास म्हणायचा, दुसरा बूट हरवला असेल. मी म्हणायची, चिक्कूपणा, दुसरं काय! एरवी ऑफिसला हा माणूस दोन्ही पायांत पॉलिश केलेले बूट घालून जायचा.

गच्चीवर पोचलो की डबे उघडायचे. काकांची उकडलेली अंडी, माझी थालीपिठं. जळवांचं मीठ अंड्यांवर पडायचं. समोर समुद्र आणि त्यावर धुळीचा पिवळट पडदा. "धुकं आहे," काका म्हणायचे. "जरा थांबा, हटेल. मागे सगळं हिरवं आहे." मला तेव्हा नाशिककडचे डोंगर आठवायचे, ओल्या गवताचा वास आठवायचा आणि फार घरी जावंसं वाटायचं. काकांची थट्टा करणारी मी, पण त्या धुळीमागे हिरवं काहीतरी शोधत मीही बसायचीच.

आणि मग एका वर्षी काकांची आई गेली. दुखवट्याचे दिवस सरल्यावर काकांनी लुसीसाठी व्हिजिट व्हिसा काढला. तिने महिनाभर इथे राहायचं, मग दोघांनी परतताना लंका करून वसईला जायचं. तिकडचं युद्धही तेव्हा थांबलेलं. काकांनी खोलीला रंग दिला. लुसीसाठी रेनकोट घ्यायला मला बाजारभर फिरवलं. दोह्यात रेनकोट! दुकानदार आमच्याकडे वेड लागल्यासारखे बघत होते. शेवटी एक लालभडक सापडला, तो काकांनी खोलीत खिळ्याला टांगला. आमच्या घरी येणाऱ्याजाणाऱ्यालाही तो दाखवायला नेत.

लुसी आली त्या दुपारी मी स्वयंपाकघरात होते. खिडकीखालून अंगणातून पावलं वाजली. एक लांब, एक आखूड. सई ओरडली, "आई, काका आले!" मी म्हटलं, आज मंगळवार, आज कसला डोंगर?

खिडकीतून पाहिलं. काका दोन्ही हातांत बॅगा घेऊन मागे होते, पॉलिशच्या बुटांत. पुढे एक ठेंगणी, हसऱ्या चेहऱ्याची बाई, अंगणातली कुंडी न् कुंडी बघत येत होती. तिचा उजवा पाय आखूड होता. लहानपणचा पोलिओ. प्रत्येक पावलाला ती उजवीकडे झुकायची, अगदी जेवढे काका शुक्रवारी झुकायचे तेवढीच.

माझी पोळी तव्यावर जळली. सुहासला सांगताना मला रडूच फुटलं.

शुक्रवार उजाडला. काका दारात. डाव्या पायात सेफ्टी शूज, उजव्या पायात चप्पल. लुसीने त्यांच्या पायांकडे पाहिलं, मग आपल्या पायांकडे, आणि पदर तोंडाला लावून हसत बसली. "हे काय सोंग?" म्हणाली.

मॉलपाशी पोचलो. लुसीने मान वर करून तो चढ पाहिला आणि खालच्या कट्ट्यावर जाऊन बसली. डब्यांची पिशवी तिने मांडीवर ओढून घेतली.

"तुम्ही या जाऊन. मी डबे बघते."

"लुसी, अगं, सोप्पी आहे वाट," काका म्हणाले.

"असू दे ना. मला सवय आहे." तिच्या बोलण्यात जराही तक्रार नव्हती. "शाळेची सहल असो, चर्चची असो, सगळी वर जायची आणि डबे माझ्यापाशी. कुणीतरी लागतंच की खाली. माकडं असतात, कावळे असतात."

"इथे माकडं नाहीत, लुसी."

"तरी पण."

काका उभे राहिले. खिशात मिठाची पुडी आणि त्याच खिशात लंकेची तिकिटं. एवढ्या वर्षांत त्यांनी पायऱ्यांची उंची विचारली, कठडे विचारले, बसायचे दगड विचारले, पण ती उठलीच नाही तर काय, याची तयारी त्यांनी केली नव्हती. "लग्नाच्या वेळी तू काय म्हणाली होतीस?" त्यांनी विचारलं. "एकदा वरून खाली बघायचंय, म्हणाली होतीस."

"तेव्हा वेडी होते मी," लुसी म्हणाली आणि पिशवीचे बंद घट्ट करत बसली.

मला राहवेना. मी पुढे झाले आणि तिच्या मांडीवरची पिशवी उचलली. "उठा, लुसीताई. आज डबे माझ्याकडे."

"अगो बाय, तू तरणीताठी, तू जा वर..."

"मी नाशिकची आहे," मी म्हटलं. "असल्या सोप्या वाटा मी चढत नसते."

तिने माझ्याकडे पाहिलं. काकांनी हात पुढे केला. ती उठली.

सई त्यांच्यामागे धावायला निघाली, तिला मी फ्रॉकला धरून मागे ओढलं. सुहासही माझ्याशेजारी कट्ट्यावर बसला. दोघं पहिल्या वळणाआड गेली. मग नुसता आवाज. एक लांब, एक आखूड, आणि त्याला चिकटून दुसरी लांब, आखूड. वरून काकांचं ऐकू येत होतं, "हा चहाचा मळा... इथे बस जरा... हा धबधबा बघ." मग पावलं थांबली. बराच वेळ काहीच नाही. आता परत फिरणार, असंच वाटलं मला. आणि पुन्हा पावलं वाजली, आणखी वरून.

शेवटी गच्चीच्या कठड्यावरून लाल रेनकोट दिसला. हो, घालूनच आली होती!

"अगो बाय!" लुसी ओरडली. "समुद्र दिसतो गो! अख्खा!"

मी हात केला. ती कठड्यावरून जरा वाकली. काकांनी तिला मागून धरलं होतं.

"आणि तू पण दिसतेस! डब्यांपाशी, एवढीशी!"

मी एक डबा डोक्यावर धरला आणि हलवत राहिले.