दहापैकी दोन

उपसंपादकांनी त्या दुपारी एक छोटासा निर्णय घेतला: बातमीकाकूंवर विश्वास ठेवायचा नाही. (तसा हा निर्णय ते रोजच घेत.)

वर्तमानपत्रात बातमी खरी की खोटी हे तपासणं त्यांचं काम. ती खोड घरापर्यंत आलेली. इमारतीतल्या प्रत्येकाच्या विश्वासार्हतेला त्यांच्या डायरीत मार्क होते. स्वतःला दहापैकी दहा. खालच्या मजल्यावरच्या बातमीकाकूंना दोन, कारण त्यांनी एकदा गॅरेजात मगर शिरल्याचं कळवलं होतं आणि निघाला टायर.

आता इमारतीच्या ग्रुपवर काकूंचा मेसेज झळकला: "तुमच्या दाराखालून पाणी येतंय. किल्ली आहे माझ्याकडे. उघडू का?"

"स्रोत?" उपसंपादक साहेबांनी ऑफिसातून विचारलं.

"माझे ओले पाय!"

वॉचमनने दुजोरा दिला. पण त्याला काकूंनीच सांगितलेलं, म्हणजे तो स्वतंत्र स्रोत नव्हे. मग काकूंनी फोटो टाकला. जुना असणार, असं ठरवून साहेबांनी जाहीर खुलासा केला: "अफवा आहे. कृपया कोणीही दार उघडू नये."

फोटो खोटा ठरवायला त्यांनी तो मोठा करून पाहिला. दाराबाहेर एक चप्पल तरंगत होती. तिचा पट्टा निळ्या दोऱ्याने शिवलेला. तो रविवारी त्यांनीच शिवला होता. (इतका वाईट दुसरा कोण शिवणार?)

साहेबांना आठवलं: सकाळी नळाला पाणी नव्हतं. आणि हॉलमध्ये, बुटक्या पाटावर, बायकोने तपासलेल्या चाळीस उत्तरपत्रिका! उद्या त्या शाळेत द्यायच्या होत्या. चाळीस मुलांचं वर्ष भिजत होतं आणि दार उघडायला बंदी त्यांनीच घातली होती. काकूंना तीनदा फोन लावला. कोणी उचलेना. साहेब धावत सुटले. बस मिळाली, तर ती प्रत्येक सिग्नलला ठाण मांडून बसली.

घराचं दार सताड उघडं होतं. फरशी पुसलेली. काकू आणि काकूंनीच शाळेतून बोलावून घेतलेली बायको पलंगावर बसून उत्तरपत्रिका मोजत होत्या.

"चाळीस. सगळ्या कोरड्या," बायको म्हणाली. साहेबांना रडूच आलं.

"काकू, माझा खुलासा वाचला नाहीत?"

"मी वाचला हो. पाण्याने नाही वाचला."

"नळ कोणी उघडा ठेवला?" बायकोने विचारलं.

"मी तर बंद केला होता. अगदी नक्की आठवतंय."

बायकोने त्यांच्या बॅगेतून डायरी काढली, त्यांच्या नावापुढचे दहा खोडले आणि लाल पेनाने दोन लिहिले.

"चला, दोन तरी दिलेस," साहेब पुटपुटले.

"ते अक्षराचे आहेत."