एम.ए. कॉमिक्स आणि माझा पहिला घाणा

माझी मुलगी कॉमिक्स शिकवते. वाचते नव्हे, शिकवते! दिल्लीतल्या एका विद्यापीठात, एम.ए.च्या वर्गाला, फळ्यापुढे उभी राहून! आमच्या गुरुग्रामच्या सोसायटीत लिफ्टमध्ये जो भेटेल त्याला मी हे सांगते. आमचा मजला अठरावा, त्यामुळे सविस्तर सांगून होतं.

"चित्रांच्या पुस्तकांना प्रोफेसर कशाला हो लागतो?" समोरच्या शालिनीबाईंनी एकदा विचारलं. "उद्या कॅरमची पीएच.डी. निघेल!"

"निघू दे की. तीही रेवतीच करेल," मी म्हटलं.

सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो तेव्हा हीच रेवती भूगोलाच्या पुस्तकात कॉमिक लपवून वाचायची. मार्केटातल्या टपरीवर भाड्यानं मिळायची ती. ऑफिसातून आले की मी आधी भूगोल उलटा धरून झटकायचे. गंगा-यमुनेच्या खोऱ्यातून एखादा मुखवटेवाला धप्पकन खाली पडायचा! पोरगी कलेक्टर व्हावी अशी माझी फार इच्छा. आता त्याच मुखवटेवाल्यांवर तिला पगार मिळतो. आणि कलेक्टरचं काय, ते जिल्ह्याजिल्ह्याला असतात!

माझा दुसरा अभिमानाचा विषय म्हणजे माझी चकली. खुसखुशीत तर असतेच, पण तिचे काटे बघावेत. करवतीच्या पात्यासारखे! माझ्या सोऱ्यातून बिनकाट्याची चकली आजवर पडलेली नाही.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात हे दोन्ही अभिमान एकमेकांवर आदळले.

झालं असं, की रेवतीचा कोर्स चालू ठेवायचा की बंद करायचा हे ठरवायला सोमवारी एक समिती येणार होती. अध्यक्ष श्यामकांत सर. माणूस मराठी, पण कॉमिक्स म्हटलं की कपाळावर आठ्यांचा गालिचा! आधीच्या बैठकीत म्हणाले होते, "हे सगळं शाळेच्या सुट्टीत ठीक आहे." रेवतीनं त्या कोर्ससाठी सहा वर्षं जिवाचं रान केलं होतं. आठवडाभर पोरीला धड जेवण जात नव्हतं.

"तू काळजी करू नकोस," मी म्हटलं. "सोमवारी मी चकलीचा डबा घेऊन येते. माझ्या चकलीनं जॉइंट सेक्रेटरी विरघळलेत!"

"आई, प्लीज. ही अकॅडेमिक समिती आहे."

"असू दे. दात असतात ना त्यांना?"

शनिवारी रेवती विद्यापीठात गेली आणि मी कढई चढवली. पहिला घाणा काय उतरला म्हणून सांगू! पण तेल निथळायला खाली कागद हवा, आणि आमच्याकडे पेपर आता फोनवर येतो. फोनवर काय चकल्या निथळवायच्या? टिश्यू पेपर चकलीला चिकटला. म्हणून मी रेवतीच्या खोलीत गेले. टेबलावर पातळ कागदांचा छान गठ्ठा होता.

आता मी काही अडाणी नाही. चौतीस वर्षं सरकारी नोकरी केलेली बाई, न वाचता कागद उचलत नाही! एक पान पाहिलं, उलटून पाहिलं, दुसरं पाहिलं. दोन्ही बाजूंना चित्रंच चित्रं, पण अक्षर एक नाही. शीर्षक नाही, सही नाही, तारीख नाही. माझ्या ऑफिसच्या हिशेबानं ही शुद्ध रद्दी! मी खुशाल त्यावर चकल्या मांडल्या.

संध्याकाळी रेवती आली, स्वयंपाकघरात डोकावली आणि अशी किंचाळली की खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागला.

"आई! ही माझ्या विद्यार्थिनीची, अवनीची कॉमिक आहे!"

"कॉमिक? यात शब्द कुठायत?"

"शब्दांशिवायचीच आहे ती! वर्षभर काढत होती! सोमवारी समितीसमोर हेच मुख्य काम ठेवायचं होतं मला!"

"फोटोबिटो नाही काढलेस?"

"उद्या स्कॅन करणार होते!"

पण धीर सोडणारी मी नव्हे. ऑफिसात फायलीवर डब्यातलं तेल सांडलं की आम्ही टाल्कम पावडर टाकायचो. टाकली. डाग हटेना. मग गरम इस्त्री फिरवली. आणि त्या गरम इस्त्रीनं डाग पानभर पसरले! आता त्या कॉमिकला तीळ, ओवा आणि चंदनाच्या पावडरचा एकत्र वास यायला लागला.

"आई, तू आता कशालाही हात लावू नकोस," रेवती इतक्या शांतपणे म्हणाली, की त्यापेक्षा ती ओरडली असती तर बरं!

रेवतीचा फोन गेला तशी अवनी गाझियाबादहून मेट्रो बदलत बदलत आली. तिचे आईवडील मूळचे साताऱ्याचे, पण पोरगी इथेच वाढलेली. मी हात जोडून उभी.

"बाळा, चुकले गं. भाजणीच्या चकल्या होत्या..."

"भाजणी म्हणजे क्या, आजी?" एवढंच म्हणून तिनं एक पान उचललं आणि ट्यूबलाइटसमोर धरलं.

मी आणि रेवती एकमेकींकडे बघतोय.

मग तिनं सांगितलं. कॉमिक तिच्या आजीवर होती. आजीला हल्ली काही आठवत नाही. पानाच्या पुढच्या बाजूला आजी आत्ताची, गाझियाबादच्या फ्लॅटमध्ये खिडकीशी बसलेली. मागच्या बाजूला तीच आजी तरुणपणी, सायकलवरून शाळेत शिकवायला निघालेली. तेलानं कागद पारदर्शक झाला होता. खिडकीतल्या म्हातारीच्या छातीतून ती सायकलवाली मुलगी निघालेली दिसत होती!

"यार, मॅम," अवनी हळूच म्हणाली, "हेच तर मला जमत नव्हतं. पान उलटलं की आजी गायब व्हायची. आता दोघी एकदम दिसतात." मग माझ्याकडे वळली. "आजी, बाकीची पानं कोरडी का ठेवलीत? सगळ्यांना लावा ना तेल!"

"अगं, पण भाजणी संपली!"

"तो चलो, नुसतं तेल!"

त्या रात्री एम.ए.ची विद्यार्थिनी, तिची प्रोफेसर आणि एक पेन्शनर बाई जेवणाच्या टेबलावर बसून ब्रशनं पानांना तेल लावत होत्या. चकल्यांचे पुसट उरलेले गोल मात्र अवनीनं तसेच ठेवायला लावले. "ते तर बिल्कुल राहू द्या!" म्हणाली. माझी छाती किती फुगली असेल, तुम्हीच विचार करा.

सोमवारी मी डबा घेऊन गेलेच. रेवती बोलायला उभी राहिली. दोन चौकटींच्या मधली पांढरी जागा वाचक आपल्या मनानं कशी भरतो, हे तिनं असं समजावलं की भूगोल झटकणारी मीसुद्धा मान डोलवायला लागले. मग अवनीची पानं खिडकीच्या काचेवर लावली. बाहेरचं ऊन त्यातून आत आलं.

श्यामकांत सर एकेका पानापाशी थांबत गेले. आठ्या हळूहळू उलगडत गेल्या. शेवटच्या पानावर एक मोठा, फिकट पिवळा गोल होता, अगदी सुबक. त्याच्यापुढे ते कितीतरी वेळ उभे राहिले.

मला राहवेना. "तो माझा, सर," मी म्हटलं.

त्यांनी वळून पाहिलं. "आपला?"

"हो. पहिल्या घाण्यातला."

अवनीनं ओठ घट्ट मिटले होते. गहिवरली असणार, मला वाटलं. सरांनी नुसती मान हलवली, खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला आणि म्हणाले, "हा कोर्स बंद करणं चूक ठरेल."

रेवतीनं डोळे पुसले. मी लगेच डबा उघडून पुढे केला.

"क्षमा करा, मला डॉक्टरांनी तळलेलं बंद केलंय," श्यामकांत सर म्हणाले.

म्हणजे कोर्स वाचवला तो माझ्या मुलीनं आणि तिच्या विद्यार्थिनीनं, तोही एक चकली न खपवता! शालिनीबाईंना मी हे लिफ्टमध्ये दोनदा सांगितलं.

पुढे सहामाहीच्या पेपरात रेवतीनं अवनीचं तेच शेवटचं पान दिलं. 'या पानातल्या गोलाचा अर्थ स्पष्ट करा.' दहा गुण. मी घरी बसून हौसेनं पेपर सोडवला. तीन पानं लिहिली! भाजणीचं प्रमाण, मोहन, तेलाची धग, सगळं सगळं. माझ्याइतका त्या गोलाचा अभ्यास कोणाचा असणार?

रेवतीनं लाल पेनानं तपासून दिला. दहापैकी एक, तोही अक्षरासाठी. खाली शेरा होता: 'आई, तो चंद्र आहे. अवनीनं चहाच्या पाण्यानं रंगवलेला.'

मला खरं तर तेव्हाच कळायला हवं होतं. त्याला काटे कुठे होते?