ओढ्याचा दहावा

बसा रे पोरांनो, आणि मधे तोंड घालू नका. एका जंगलात एक ओढा होता. डोंगरावरचं पावसाचं पाणी मुकाट खाली नदीत नेऊन सोडायचा. दुसरा धंदा नव्हता त्याला.

तरस ठेकेदारानं तो मातीनं बुजवला आणि वर सभेचा मांडव घातला. गेल्या पावसात ते पाणी साळिंदरबाईच्या बिळात शिरलं. तिची दोन पिल्लं कशीबशी वाचली. यंदा आभाळ काळं होताच ती सिंहाकडं गेली आणि म्हणाली, ओढा उकरून द्या.

सिंह म्हणाला, "बाई, ओढा वारला. मेलेल्याला उकरत नाहीत. त्याचा दहावा करू."

झालं. त्याच मांडवात दहावा. हत्तीनं ओढ्याच्या इतिहासावर भाषण ठोकलं. ओढा किती रुंद होता, हत्तीचे पणजोबा कुठं डुंबायचे, सगळं सांगितलं. ऐकून तरससुद्धा रडला. मग पिंड ठेवला.

कावळा आला आणि पाठ करून बसला.

कावळा शिवत नाही म्हणजे मयताची काही इच्छा राहिली. सिंहानं पुतळ्याचं वचन दिलं. हत्तीनं वर्षाला एक भाषण कबूल केलं. कावळा ढिम्म. साळिंदरबाईच्या अंगावर थेंब पडला तशी ती पुढं झाली.

"तुझी वाट मोकळी करतो, असं म्हणा की."

कावळ्यानं मान वळवली. एक फांदी खाली उतरला.

"आणि माझा मांडव?" तरस म्हणाला.

सिंहानं कावळ्याकडं, साळिंदरबाईकडं आणि तरसाकडं पाहिलं. मग म्हणाला, "दर्भाचा करा."

गवताचा कावळा केला. तो लगेच शिवला. ओढा रीतसर मेला. साळिंदरबाईला सांगितलं, आता निर्धास्त झोप, मेलेलं पाणी कुणाच्या घरात शिरत नाही.

ती कसली झोपते. पिल्लं घेऊन मांडवापलीकडच्या उंच खडकावर चढली. तेवढ्यात डोंगर कोसळल्यासारखा पाऊस झाला. पाणी तिचं बीळ गिळून थेट मांडवात आलं. खुर्च्या गेल्या, पिंड गेला. हत्ती भाषणासकट गेला. गवताचा कावळा सगळ्यात पुढं, ऐटीत तरंगत.

सिंह खऱ्या कावळ्याशेजारी फांदीला लोंबकळत होता. "कोण आलंय गं हे?" त्यानं विचारलं.

"मयत आलंय, महाराज," साळिंदरबाई खडकावरून म्हणाली. "दहाव्याला जेवायला."

सकाळी सिंहानं चौकशी केली. निष्कर्ष निघाला की ओढ्याचं भूत झालंय. ते उतरवायचा ठेका तरसाला मिळाला. साळिंदरबाई त्याच खडकाखाली नवं बीळ उकरत बसली, तर उकरल्यामुळंच भूत चवताळतं म्हणून तिला नोटीस आली.

तात्पर्य : ओढ्याची वाट मोकळी करण्यापेक्षा गवताचा कावळा स्वस्त पडतो. फक्त सभा खडकावर घ्यावी.