बारा टक्के मोहिनी

नलूबाईंचा बॅनरवर लावण्याजोगा फोटो घरात एकच निघाला, आणि त्यात त्यांच्या खांद्यावर हात ठेवून मोहिनी उभी होती. मोहिनी ही नलूबाई आणि अण्णाजी झाडे यांची मुलगी. सहा वर्षांपूर्वी तिनं रोशन मडावीशी लग्न केलं. अण्णाजींनी आधी आवाज काढला, मग जात काढली आणि शेवटी तिचं नावच घरातून काढून टाकलं. आईच्या अंत्ययात्रेला ती सिंदी मेघेहून धावत आली, तेव्हाही ते तिच्याकडे न बघता "दार लावा" एवढंच म्हणाले. दार लावलं ते धनंजयनं, तिच्या सख्ख्या भावानं. हे सांगायला बरं वाटत नाही, पण घडलं ते असंच.

तेरवी दोन दिवसांवर आली, तसे अण्णाजी तो फोटो घेऊन कैलासच्या दुकानात गेले. देवळीच्या बसस्टँडसमोर कैलास बॅनर करतो. वाढदिवस, निवड आणि श्रद्धांजली, तिन्हींना हार तोच असतो. ढग मात्र तो फक्त श्रद्धांजलीला लावतो.

"हिले काढ," अण्णाजी फोटोवर बोट ठेवून म्हणाले.

"काढतो काका. पण मोहिनीताईचा हात काकूच्या खांद्यावर आहे. हात काढला का खांद्याले भोक पडते, अन् भोकातून ढग दिसते."

"मंग?"

"मंग या खांद्याची साडी त्या खांद्यावर चिकटवतो."

त्यानं चिकटवली. नलूबाईंना आयुष्यात पहिल्यांदाच दोन्ही खांद्यांवर पदर मिळाला. मोहिनी मात्र अजून तिथंच उभी होती.

"हे पाहा, काका," कैलास समजावू लागला. "हे एकावर एक काचा ठेवल्यासारखं आहे. सगळ्यात खालच्या काचेवर ढग, त्याच्यावर काकू, अन् वरच्या काचेवर ताई. यायले लेयर म्हणते. हा आकडा शंभर असला का माणूस पक्का. कमी करत गेलं का आरपार दिसते. शून्य केला का काच राह्यते, माणूस नाई राहत."

"काचच फेकून दे ना."

"फेकत नसतो काका मी."

यामागे धंद्यातला अनुभव होता. देवळीत शोकाकुलांची यादी बॅनर दोरीवर चढेपर्यंत पक्की नसते. बाराव्या दिवशी भावाभावांचं बिनसतं आणि एकाचा फोटो काढायला निरोप येतो. तेराव्याच्या सकाळी मिटतं आणि तोच फोटो परत टाकायचा असतो. म्हणून कैलास कुणालाच उडवून टाकत नसे. नुसतं फिकट करून ठेवत असे. आजवर त्यातून कुणाचं वाईट झालं नव्हतं.

त्यानं आकडा शंभरावरून साठावर आणला, साठावरून तिसावर. मोहिनी ढगात विरू लागली.

"अजून," अण्णाजी म्हणाले.

आकडा बारावर आला आणि फोन वाजला. वर्ध्याच्या छपाईवाल्याला फाइल लगेच हवी होती. कैलासचा स्क्रीन जुना, त्यावर पांढऱ्यात फिकट काही असलं तर ते दिसायचंच नाही.

"मले तर काई दिसून नाई राह्यलं. तुमाले दिसते का, काका?"

अण्णाजींनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला. जिनिंगच्या काट्यावर त्यांनी चाळीस वर्षं काढली होती. कापसात बारा टक्के ओल असली तर नुसता हात घालून सांगणारा हा माणूस. ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले.

"नाई," ते म्हणाले. "पाठव."

दुसऱ्या दिवशी सकाळी बसस्टँडच्या चौकात बॅनर चढला. वर्ध्याच्या मशीननं रंग जरा गडद ओढला होता. जवळून नुसते ढग वाटत होते, पण रस्ता ओलांडून पलीकडे गेलं की नलूबाईंच्या शेजारी एक मुलगी स्पष्ट उभी दिसायची, खांद्यावर हात ठेवून. आता बॅनर कुणी वाचत नाही, सगळे बघतात. खाली गोलात ठळक असतो तो जिवंत आणि वर ढगात फिकट असतो तो गेलेला, हे शाळेत न गेलेल्यालाही कळतं.

पहिली आली शेजारची कांता. ती दारातच खाली बसली आणि पदर डोळ्यांना लावून रडू लागली.

"भाऊजी, मायच्या मागं लेकबी गेली? कधी गेली?"

"कोण म्हणते?"

"बॅनर म्हणते."

"मोहिनी जिवंत आहे," अण्णाजी म्हणाले. ते नाव सहा वर्षांनी त्यांच्या तोंडून आलं, आणि तेही असं, पत्ता चुकलेल्या माणसाला घर दाखवावं तसं.

मग रांगच लागली. जिनिंगमधले जुने सोबती आले, त्यांना सांगितलं. आचारी आला. "भाऊ, पाचशे पान सांगतलं होतं. दोघीयचं आहे त वाढवू का?" त्याला सांगितलं. दुपारी महाराजांचा फोन आला. दोघींचे विधी एकाच दिवशी करता येतील, पण साहित्य वेगळं लागेल, असं त्यांचं म्हणणं होतं. "महाराज, माही पोट्टी जिवंत आहे," अण्णाजी फोनवर ओरडले. ज्या घरात तिचं नाव काढायची चोरी होती, त्या घरात दिवसभर दुसरं काही बोलणंच नव्हतं.

कांता मात्र हलली नाही. तिनं रडणं आवरलं आणि साधा प्रश्न विचारला.

"जिवंत आहे त मायच्या तेरवीले घरी काऊन नाई?"

अण्णाजी धनंजयकडे वळले. ती जिवंत असल्याचा पुरावाच त्यांच्याकडे नव्हता. बारा दिवसांपूर्वी दाराच्या फटीतून पाठमोरी दिसली होती, तेवढीच.

"धनंजय, तिचा नंबर आहे?"

धनंजयनं मान खाली घातली. "आहे. मी बोलत असतो कधी कधी."

अण्णाजी यावरून खवळले असते, पण त्यांना सवड नव्हती. "लाव."

फोन लागला नाही. पुन्हा लावला, बंद. रोशनचा लावला, तोही लागेना. अण्णाजी ओसरीवर खांब धरून उभे राहिले. मायच्या मागं लेक जाते, असं होतं कधी कधी. गावातही एकदा झालं होतं. आपण दार लावायला सांगितलं, त्यानंतर ती घरी कशी गेली असेल, काही खाल्लं असेल का, हे विचार बारा दिवसांत आले नव्हते. ते आता सगळे एकदम आले. त्यांनी चपला घातल्या न घातल्या आणि सिंदी मेघेला जायला बसस्टँडकडे निघाले. धनंजय मागून धावला.

चौकात बॅनरखाली घोळका होता. घोळक्यात मोहिनी होती, मान वर करून स्वतःला बघत. शेजारी रोशन, हातात पिशवी.

"फोन काऊन बंद आहे तुहा?" अण्णाजींनी लांबूनच विचारलं. सहा वर्षांनी मुलीशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

"सकाळपासून पन्नास लोकायनं लावला, बाबा. मी मेली का म्हणून. बॅटरी संपली. यायचीबी." तिनं रोशनकडे हात केला. तिचे डोळे सुजले होते, पण आवाज साफ होता. "मले काऊन मारलं?"

तेवढ्यात कैलास दुकानातून पळत आला. "ताई, चूक माही आहे. बारा टक्के राहून गेलं. माह्या स्क्रीनवर दिसत नाई. मी काकाले विचारलं होतं, दिसते का म्हणून. काका नाई म्हणले."

मोहिनीनं वडिलांकडे पाहिलं. धनंजयनंही पाहिलं. घोळकाही त्यांच्याकडेच बघत होता.

"दिसत होती," अण्णाजी म्हणाले.

अण्णाजींनी चष्मा काढला, पण तो पुसायचं त्यांना सुचलं नाही.

"दुसरा करून देतो, काका," कैलास चाचरत म्हणाला. "पैसे नाई घेत. शून्य करू ना आता?"

"शंभर कर."

"पण काका, ती वर ढगात आहे. पक्की केली त लोक म्हणतीन..."

"मंग खाली घे. शोकाकुलात."

कैलास दुकानात जाऊन खुर्चीवर बसला. ती काच त्यानं फेकली नव्हतीच. आकडा ओढला तशी मोहिनी ढगातून बाहेर आली, निळी साडी, कपाळावर टिकली, सगळं जसंच्या तसं. तिला त्यानं खाली गोलात बसवलं आणि नावाच्या जागी कर्सर लुकलुकू लागला.

"नाव काय टाकू? मोहिनी झाडेच ना?"

अण्णाजींनी दाराकडे पाहिलं. रोशन पायरीवरच थांबला होता, आत यावं की नाही या विचारात.

"सौ. मोहिनी रोशन मडावी," अण्णाजी म्हणाले. कैलासनं चुकू नये म्हणून त्यांनी मडावी पुन्हा एकदा सांगितलं.

"अन् जावयाचा गोल?" कैलासनं खालची पट्टी बघितली. "पण आता जागा नाई, काका. अकरा झाले."

अण्णाजी खुर्ची ओढून स्क्रीनसमोर बसले आणि एकेक गोल तपासू लागले. धनंजयवर ते जरा थांबले. मग पट्टीच्या पहिल्याच गोलावर, स्वतःच्या फोटोवर, त्यांनी बोट ठेवलं.

"हा शून्य कर," ते म्हणाले. "काच फेकू नको पण."